घर इंदिरानगरला, पाहणारी हिंजवडीत: पहिले कॅमेरे घेताना

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरला वीसेक वर्षांपूर्वीचं रो-हाऊस. आईबाबा दोघंच राहतात, दोघंही सत्तरीपुढचे. लेक हिंजवडीत नोकरीला, भाऊ परदेशात. मध्यंतरी गल्लीत भरदुपारी घरफोडी झाली, तेव्हापासून कॅमेऱ्यांचा विषय निघालाय. ओळखीच्या माणसाने आठ कॅमेऱ्यांचं कोटेशन दिलंय: ५ मेगापिक्सेल, डीव्हीआर (म्हणजे रेकॉर्डर), १ टीबी हार्डडिस्क, 'मोबाईलवर लाइव्ह'. भाऊ म्हणतो वायरबियर नको, ऑनलाइन चार वायफाय कॅमेरे मागव, दहा मिनिटांत लागतात. आणि बाबा म्हणतात, हॉलमध्ये कॅमेरा लावलात तर मी देवळालीला बहिणीकडे राहायला जाईन.

ताई, तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. बाबांचं जरा जास्त. मी नाशिकमध्ये हीच कामं करतो, सिडकोतल्या गाळ्यांपासून दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यांपर्यंत. पहिल्यांदा सिस्टीम घेणारा जवळजवळ प्रत्येक जण कॅमेऱ्यांची संख्या आणि मेगापिक्सेल यावरच अडून बसतो. खरा पैसा वायरिंगवर, वीज-इंटरनेटच्या सोयीवर आणि 'खातं कुणाच्या नावावर' या प्रश्नावर घालवायला हवा. पुण्यात बसून घर पाहायचं असेल तर या तिन्ही गोष्टी कॅमेऱ्याच्या आधी येतात.

आधी ते आठ कॅमेरे निकालात काढू. हिशेब सोपा आहे: एक कॅमेरा १ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिटने, रेकॉर्ड होत असेल तर दिवसाला साधारण १०.८ जीबी जागा खातो. ५ मेगापिक्सेलला एच.२६५ मध्ये (चित्र आवळून साठवायची पद्धत) ३ एमबीपीएस धरले, तर आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला जवळजवळ २६० जीबी होतात. १ टीबीच्या डिस्कवर प्रत्यक्षात ९३० जीबीच्या आसपास जागा मिळते. म्हणजे साडेतीन दिवसांचं रेकॉर्डिंग. आईबाबा आठवडाभर देवदर्शन करून आले आणि चोरी पहिल्या रात्री झाली असेल, तर डिस्कवर फक्त रिकामा पोर्च दिसेल. विकणारा हे आपणहून सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही.

त्याऐवजी चार कॅमेरे आणि २ टीबी घ्या. चारही सरासरी २ एमबीपीएसवर ठेवले तर तीन आठवडे आरामात निघतात. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड करायचं सेटिंग लावून दिवस वाढवता येतात, पण बाहेरच्या कॅमेऱ्यांना मी ते लावत नाही. नेमका हवा तो क्षण सुरू व्हायच्या आधीचे काही सेकंद त्यात जाऊ शकतात. डिस्क मात्र कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनलेली नसते.

आता चार कुठे? इथे थोडा वेळ घालवू, कारण इथेच सगळं ठरतं.

कॅमेऱ्याकडून तीन वेगवेगळी कामं करून घेता येतात: कुणीतरी आहे हे कळणं, तो ओळखीचा आहे का हे कळणं, आणि अनोळखी माणसाचा चेहरा पोलिसांना दाखवण्याइतका स्पष्ट मिळणं. या क्षेत्रातल्या युरोपीय मानकाच्या, ईएन ६२६७६-४ च्या, २०१५ च्या आवृत्तीत या कामांसाठी आकडे आहेत. चेहरा पटवण्यासाठी दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि नुसतं 'कुणीतरी आहे' एवढ्यासाठी २५ पुरतात. २ मेगापिक्सेल चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे चेहरा हवा असेल तर कॅमेऱ्याच्या नजरेत येणारा पट्टा पावणेआठ मीटरपेक्षा रुंद नको. बाजारात सर्रास मिळणारी २.८ मिमीची लेन्स इतकी रुंद पाहते की हा पट्टा कॅमेऱ्यापासून तीन मीटरवरच, म्हणजे दहा फुटांवर, संपतो. त्यापलीकडे माणूस दिसतो, चेहरा पटत नाही. तोच कॅमेरा ६ मिमी लेन्सचा घेतला तर आठ मीटरपर्यंत, पंचवीसेक फुटांपर्यंत, चेहरा मिळतो. फक्त आजूबाजूचं दिसत नाही. ४ मेगापिक्सेलला २.८ मिमीमध्ये चौदा फूट मिळतात.

म्हणून कोटेशनमध्ये '५ एमपी' लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका. लेन्स किती मिमीची, हे प्रत्येक कॅमेऱ्यासमोर लिहून घ्या. बहुतेक कोटेशनांत हा रकानाच नसतो.

उंचीचंही तसंच. फिटिंगवाले कॅमेरा पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली ठोकतात, कारण तिथे हात पोचत नाही आणि वायर सोयीची पडते. बारा-पंधरा फुटांवरून टोप्या आणि टकलं दिसतात. तुमच्या फाटकाची कडी आठवून पाहा. रो-हाऊसच्या लोखंडी फाटकाला ती कमरेइतक्या उंचीवर, आतल्या बाजूने असते. ती काढताना माणूस वाकतो, हात आत घालतो, मान खाली असते. त्या क्षणी वरून घेतलेलं चित्र कशाच्याच कामाचं नाही. मग फाटक ढकलून तो आत येतो, आणि पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मान वर करून दाराकडे बघतो, कुणी आहे का म्हणून. तो क्षण पकडायचा. त्यासाठी एक कॅमेरा मुख्य दाराच्या बाजूला, सात-आठ फुटांवर, फाटकाकडे तोंड करून, अंतर मोजून घेतलेल्या लेन्ससह. चोर हात वर करून तो फिरवेल ही भीती असते. फिरवू दे. फिरवण्यासाठी त्याला लेन्ससमोर यावंच लागतं, आणि तेवढं रेकॉर्डिंग आत झालेलं असतं.

दुसरा कॅमेरा रुंद नजरेचा, पोर्च आणि गाडीसाठी. तिसरा बाजूच्या बोळात. दोन रो-हाऊसच्या मधली ती चिंचोळी जागा सगळे विसरतात, आणि मागच्या दारापर्यंत जायची तीच वाट असते. बोळात चित्र उभं करायचं सेटिंग असतं, त्याला कॉरिडॉर मोड म्हणतात. ते लावा, नाहीतर निम्मं चित्र दोन्हीकडच्या भिंतींचं येतं. चौथा मागच्या धुण्याच्या जागेवर, मागचं दार आणि गच्चीचा जिना दोन्ही येतील असा. झालं. पुढे गरज वाटली तर वाढवता यावेत म्हणून रेकॉर्डर आठ चॅनेलचा, म्हणजे आठ कॅमेरे जोडता येतील असा, घ्या, किमतीत फार फरक पडत नाही.

गाडीच्या नंबर प्लेटबद्दल सगळे विचारतात. रात्री हेडलाइट लावून जाणाऱ्या गाडीची प्लेट घरगुती कॅमेरा वाचत नाही. प्लेटवर कॅमेऱ्याच्या रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड आपटून ती पांढरीफट्ट होते. त्यासाठी वेगळे कॅमेरे असतात, ते घराला परवडायचे नाहीत आणि लागतही नाहीत.

आता भावाचा मुद्दा. वायफाय कॅमेरे वाईट नाहीत. दोन-तीन हजारांत बऱ्यापैकी मिळतात, भाड्याच्या फ्लॅटला तेच योग्य. पण 'वायरलेस' म्हटलं तरी बहुतेकांना विजेची वायर लागतेच. चार ठिकाणी प्लग पॉइंट काढायचेच असतील तर वायर टाळून मिळवलं काय? रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डवर असतं, म्हणजे बाहेरचा कॅमेरा कुणी उपटून नेला की पुरावाही गेला. क्लाउडवर ठेवायचं तर दरमहा पैसे. शिवाय बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि रो-हाऊसच्या ओळीत त्या पट्ट्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते. आणखी एक, जे दुकानात कुणी बोलत नाही: फायबरवाला येऊन राउटर बदलून गेला, वायफायचं नाव बदललं, की चारही कॅमेरे आंधळे. तुम्ही पुण्यात. बाबांना फोनवरून 'रिसेट बटण तीन सेकंद दाबा' सांगत बसायचं. वायरने राउटरला जोडलेला रेकॉर्डर असेल तर नव्या राउटरवर तो बहुतेक वेळा आपणहून पुन्हा जागा होतो.

तर वायर टाका. मग प्रश्न उरतो रेकॉर्डर कोणत्या प्रकारचा, डीव्हीआर की एनव्हीआर. डीव्हीआरला जुन्या पद्धतीची थ्री प्लस वन केबल, दोन टोकांना बीएनसी आणि डीसी पिन, आणि कॅमेऱ्यांना वीज देणारा १२ व्होल्टचा एसएमपीएस. स्वस्त पडतं, दुरुस्तीला कुणीही मिळतो, आणि आजही छोट्या घराला वाईट नाही. एनव्हीआरला कॅट-सिक्स केबल. त्याच एका केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं, त्याला पीओई म्हणतात. शंभर मीटरपर्यंत चालतं. मजुरी दोन्हीला जवळपास सारखी, आणि भिंतीत एकदा गेलेली वायर पंधरा वर्षं तिथेच राहते. कॅमेरे बदलले जातील. म्हणून बजेट थोडं ताणता येत असेल तर मी कॅट-सिक्स आणि एनव्हीआरच सांगेन. ताणता येत नसेल तर डीव्हीआर घ्या, पण ५ मेगापिक्सेलच्या मोहात पडू नका. स्वस्त डीव्हीआर ५ मेगापिक्सेल घेतात खरे, पण सेकंदाला कमी फ्रेमने, आणि चालणारा माणूस उड्या मारल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा २ मेगापिक्सेल नीट लेन्ससह बरा.

केबल घेताना एक तपासणी स्वतः करा, नाहीतर बाबांना करायला सांगा, त्यांना आवडेल. कॅट-सिक्सच्या टोकाची एक बारीक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. आतपर्यंत लालसर राहिली तर तांबं. खरवडल्यावर पांढरी चकाकी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते स्वस्त असतं आणि दुकानात दोन्ही एकाच नावाने विकलं जातं. पीओईची वीज त्यातून नेली तर लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेशी पोचत नाही. दिवसा चालतो, रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की भार वाढतो आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. मग सगळे कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

बाहेरचे जोड पावसाळ्यासाठी करा. नाशिकचा जुलै-ऑगस्ट तिरका पाऊस घेऊन येतो, आणि काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडतो. प्रत्येक कॅमेऱ्यामागे बंद प्लास्टिक बॉक्स हवा, केबल त्यात खालून शिरलेली, आणि शिरण्याआधी थोडी खाली झोका घेतलेली, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, आत जात नाही. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. मे-जूनच्या वळवाच्या विजांमध्ये रेकॉर्डरचे पोर्ट उडतात ते बहुतेक अर्थिंग नसलेल्या घरांत.

आता मुख्य गोष्ट, पुण्यातून पाहणं. हे चित्र तुमच्यापर्यंत कसं येतं ते समजून घ्या: कॅमेरा, रेकॉर्डर, राउटर, फायबरवाल्याचा गल्लीतला डबा, कंपनीचा सर्व्हर, तुमचा मोबाईल. यातलं एक जरी बंद पडलं तरी तुम्हाला 'डिव्हाइस ऑफलाइन' दिसणार. म्हणून लाइव्ह पाहणं आणि रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मनात पक्कं करा. लाइव्ह कधीतरी जाणारच. रेकॉर्डिंग जाता कामा नये.

विजेची सोय आधी. चार कॅमेरे, रेकॉर्डर, डिस्क, पीओई स्विच मिळून चाळीस वॅटच्या आसपास. महिन्याला तीसेक युनिट. घरचा इन्व्हर्टर हे सहज ओढतो, पण रेकॉर्डर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि राउटर साध्या सॉकेटवर, असं निम्म्या घरांत असतं. मग लाइट गेली की रेकॉर्डिंग चालू, मोबाईलवर अंधार. घरातला फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो तीन-चार तास काढतो.

इंटरनेटचा वेग फार लागत नाही. ३०-४० एमबीपीएसचा साधा फायबर प्लॅन पुरतो. मोबाईलवर चार कॅमेरे एकत्र दिसतात तेव्हा रेकॉर्डर हलकं चित्र पाठवतो, त्याला सबस्ट्रीम म्हणतात. एखादा कॅमेरा मोठा केला की मग पूर्ण चित्र येतं. महत्त्वाचा आहे तो अपलोडचा वेग, डाउनलोडचा नव्हे, कारण घरातून चित्र बाहेर जातंय. आजकाल फायबरवर दोन्ही बहुधा सारखे मिळतात.

कुणी म्हणालं 'स्टॅटिक आयपी घ्या' किंवा 'राउटरमध्ये पोर्ट उघडावा लागेल', तर त्याला नम्रपणे नको म्हणा. आता रेकॉर्डरवरचा क्यूआर कोड अ‍ॅपमध्ये स्कॅन केला की कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडणी होते. पोर्ट उघडणं म्हणजे घराची खिडकी सगळ्या जगाकडे उघडी ठेवणं. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्याने काही फार हुशारी केली नव्हती, कंपनीने दिलेले आणि कुणी न बदललेले पासवर्ड एकेक करून टाकून पाहिले होते. २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रण बाहेर पडून विकलं गेलं, तिथेही 'अ‍ॅडमिन' आणि १२३ अशा धर्तीचा पासवर्ड निघाला.

याच काळजीतून केंद्र सरकारने कॅमेऱ्यांसाठी नियम कडक केले. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या पार कराव्या लागतात: चित्र सांकेतिक स्वरूपात जातं का, आत शिरायची छुपी वाट आहे का, वगैरे. बॉक्सवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकून कंपनी आणि वस्तू जुळते का पाहा, दुकानातच, पैसे द्यायच्या आधी. कुणी 'जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो' म्हणालं तर घेऊ नका. ब्रँड कोणता, हे मी मुद्दाम सांगत नाही. नोंदणी खरी असलेला, ज्याचं सर्व्हिस सेंटर नाशिकात आहे आणि ज्याचं अ‍ॅप तुमच्या फोनवर नीट चालतं, असा कोणताही.

पण सगळ्यात मोठं भगदाड कंपनी ठेवत नाही, आपण ठेवतो. फिटिंगवाला मुलगा संध्याकाळी सातला काम संपवतो, घाईत असतो. रेकॉर्डर स्वतःच्या मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये जोडतो, त्याच्याच ईमेलवर, आणि तिथून तुम्हाला 'शेअर' करून देतो. तुमच्या फोनवर चारही कॅमेरे दिसतात, तुम्ही खूश. प्रत्यक्षात मालक तो. तुमचं घर तो कधीही पाहू शकतो, आणि त्याने नोकरी सोडली किंवा फोन बदलला तर तुम्ही तुमच्याच रेकॉर्डरमधून बाहेर. असे रेकॉर्डर सोडवून घ्यायची कामं माझ्याकडे सतत येतात. कंपनीला बिल पाठवा, सिरीयल नंबरचा फोटो पाठवा, मग ते जोडणी तोडतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. फिटिंगच्या दिवशी तुम्ही स्वतः नाशिकला या, सुट्टी काढून या. अ‍ॅप तुमच्या फोनवर, खातं तुमच्या ईमेलवर, दोन टप्प्यांची पडताळणी चालू. क्यूआर तुम्ही स्कॅन करायचा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुम्ही टाइप करायचा, आणि पासवर्ड विसरला तर लागणारा ईमेलही तुमचाच. तो पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून आईच्या कपाटात. मग तुमच्या खात्यातून भावाला आणि बाबांना शेअर करा. भावाला नुसतं पाहायची परवानगी पुरे, सेटिंग बदलायची नको. फिटिंगवाल्याला पुढे कधी लागलंच तर वेगळा युजर काढून द्या आणि काम झालं की उडवा.

आता बाबा. त्यांचं ऐका. हॉलमध्ये, झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात कॅमेरा नको. सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावणं हा खासगीपणाचा भंग आहे, असं कोलकाता उच्च न्यायालयाने एका कौटुंबिक वादात म्हटलं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पण कायदा राहू द्या. सत्तरीच्या माणसाने लुंगीवर पेपर वाचत बसायचं की मुलगी बघतेय म्हणून शर्ट घालायचा? आईबाबा ठीक आहेत ना, ही तुमची काळजी असेल तर ती दिवसातून दोन फोनांनी भागते. त्यांनीच होकार दिला तर मुख्य दाराच्या आतल्या बाजूला एक वायफाय कॅमेरा चालेल, दाराकडे तोंड करून, ज्याचा प्लग त्यांच्या हाताशी आहे आणि जो ते हवा तेव्हा बंद करू शकतात. माझ्या मते त्याहून उपयोगी पडेल ती बेल दाबली की फोनवर दिसणारी व्हिडिओ डोअरबेल. 'मीटर बघायला आलोय' म्हणणाऱ्याशी दार न उघडता बोलता येतं, आणि हवं तर तुम्हीच हिंजवडीतून बोलू शकता.

शेजाऱ्यांचंही पाहा. बोळातल्या कॅमेऱ्यात त्यांची खिडकी येणार असेल तर रेकॉर्डरमध्ये तेवढा भाग काळा करायची सोय असते. तो करा आणि त्यांना बोलावून दाखवा. उद्या काही घडलं तर त्यांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तुम्हाला लागेल.

अ‍ॅलर्टबद्दल. पहिल्या आठवड्यात फोन दिवसभर वाजेल: मांजर, कडुलिंबाची फांदी, पाऊस. नुसत्या हालचालीचा अ‍ॅलर्ट बंद करा, माणूस ओळखणारा चालू ठेवा, आणि तोही रात्री अकरा ते पाच. फाटकाच्या आतली जागाच निवडा, रस्ता नको. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोर विणलेलं जाळं इन्फ्रारेडच्या उजेडात पांढरं चमकतं. रात्रभर अ‍ॅलर्ट येतो तो त्या जाळ्याचा. झाडूने काढायचं, दुसरा उपाय नाही. पोर्चचा दिवा कॅमेऱ्यापासून चार-पाच फूट लांब लावला तर किडे तिकडे जातात आणि चित्रही रंगीत राहतं. चोराचा शर्ट निळा होता की राखाडी, हे इन्फ्रारेडमध्ये कळत नाही.

आणि हो, पाथर्डी, देवळाली, गंगापूर रोडच्या मळ्यांकडची माणसं मला चोरापेक्षा बिबट्याच्या क्लिप जास्त पाठवतात. तुमच्याकडे दिसलाच तर बाबांना आत राहायला सांगा, टॉर्च घेऊन बघायला जाऊ देऊ नका, आणि वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका. चोर आधी तोच उचलतो. आतल्या खोलीच्या माळ्यावर, हवा लागेल अशा जागी ठेवा. बंद लोखंडी कपाटात डिस्क तापते. त्याची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं सेटिंग करा. पोलिसांकडे चित्रण द्यायची वेळ आली आणि घड्याळ चाळीस मिनिटं पुढे असेल तर पहिला अर्धा तास तेच समजावण्यात जातो. तसं काही घडलंच तर आधी पेनड्राइव्हवर दोन प्रती काढा आणि रेकॉर्डरला हात लावू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं; त्याचा नमुना पोलीस ठाण्यात मिळतो. हे सगळं जमवायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून डिस्कवर तीन आठवडे हवेत.

पैसे द्यायच्या आधीची तपासणी. संध्याकाळ झाल्यावर, पोर्चचा दिवा घालवून, बाबांना फाटकाशी उभं करा आणि रेकॉर्डरवरून स्क्रीनशॉट काढा. चेहरा पटत नसेल तर लेन्स किंवा जागा बदलायला लावा, त्याच दिवशी. तुमच्या फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर पाहा, कारण घरच्या वायफायवर सगळंच छान दिसतं. मेन स्विच पाडा, इन्व्हर्टरवर काय काय जगतं ते पाहा. मग इन्व्हर्टरही बंद करून पुन्हा चालू करा आणि रेकॉर्डर आपणहून उठतो का, रेकॉर्डिंग आपणहून सुरू होतं का, हे बघा. शेवटचे दहा-पंधरा टक्के पैसे दोन रात्रींनी द्यायचे, पुण्याला परतल्यावर. तिथून आदल्या पहाटे तीनचं रेकॉर्डिंग मागे जाऊन काढून पाहा, चारही कॅमेऱ्यांचं. लाइव्ह सगळ्यांचं चालतं. जुनं रेकॉर्डिंग लांबून उघडताना कुठे पाणी मुरतंय ते कळतं.

दुसरं कोटेशन मागवाल तेव्हा त्यात हे वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा: प्रत्येक कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स आणि बीआयएस क्रमांक, केबल किती मीटर आणि शुद्ध तांब्याची, डिस्कचं मॉडेल, बॉक्स आणि पाइप, मजुरी. 'फुल पॅकेज' या एका ओळीवर कुणालाही होकार देऊ नका. वार्षिक देखभालीचा करार पहिल्या वर्षी नको, वॉरंटी असतेच. दर महिन्याच्या एक तारखेला अ‍ॅपमधून चारही कॅमेरे उघडून वेळ आणि सर्वात जुनी तारीख पाहा, आणि दसऱ्या-दिवाळीच्या झाडलोटीत लेन्स कोरड्या मऊ कापडाने पुसायला आईला नाही, भावाला सांगा, तो तेव्हा येतोच असेल.